साडेचार ग्रॅमचं इमान : मंगल कार्यालयात उडवायचं पहिलं रबरी विमान

आषाढी एकादशी झाली की आमच्याकडची मंगल कार्यालयं रिकामी पडतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिथे मॅनेजर आणि कबुतरं, एवढीच वस्ती. बंद हॉलमध्ये विमान उडवायचा हंगाम तोच. पेरण्या उरकलेल्या असतात, उन्हाची काहिली उतरलेली असते, आणि पाच-सहा मीटर उंचीचा हॉल सकाळचे दोन तास "जाताना झाडून देतो" एवढ्या बोलीवर मिळतो.

हे विमान म्हणजे ड्रोन नव्हे. बॅटरी नाही, रिमोट नाही. लांब रबराचा वेढा पिळून ठेवायचा, तो उलगडताना पंखा फिरवतो आणि विमान हॉलमध्ये गोल गोल फिरत वर जातं, मग तसंच फिरत खाली येतं. पहिलं विमान अर्धा मिनिट राहिलं तर खूश व्हा, एक मिनिट राहिलं तर पेढे वाटा.

कल्पना जुनी आहे. अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद, साधारण ४० मीटर उडवून दाखवलं. राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी १८७८ मध्ये आणून दिलेलं उडतं खेळणंही रबरावरच चालायचं. आज या खेळाचा जो सगळ्यात वरचा जागतिक वर्ग आहे, एफ-१-डी, त्यात ५५ सेमी पंखांचं विमान रबर सोडून १.४ ग्रॅम असतं आणि रबर फक्त ०.४ ग्रॅम. ही विमानं अर्धा-अर्धा तास तरंगतात. रोमानियातल्या स्लानिक गावी मिठाच्या जुन्या खाणीत त्यांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत, कारण तिथे हवा जागची हलत नाही. १.४ ग्रॅम म्हणजे किती, ते गुंजांत सांगतो. कुंपणावरच्या साडेअकरा गुंजा तळहातावर घ्या, तेवढं विमान.

आपण तिकडे जायचं नाही. आपलं पहिलं विमान रबर सोडून साडेचार ग्रॅमचं. मी आजवर शिकवलेल्या प्रत्येक पोट्ट्याने पहिल्या दिवशी एकच चूक केली, मीही केली होती: मोडेल या भीतीने मजबूत बांधायचं. जाड काडी, वर फेव्हिकॉलचा थर, त्यावर सेलोटेप. माझं पहिलं विमान अकरा ग्रॅम भरलं आणि हातातून सुटल्यावर पंखा जोरात फिरवत सरळ फरशीवर गेलं. हलकं विमान हळू उडतं, हळू उडणारं विमान भिंतीला लागलं तरी मोडत नाही. त्याला मजबुती लागतच नाही.

वजन कुठे करायचं

सोनाराकडे. त्याचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. असाच छोटा काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, पण पहिल्या विमानाला विकत घेऊ नका. पंख डब्यात घालून दुकानात जा, गिऱ्हाईक नसताना. आमच्या सराफाने पहिल्यांदा पंख काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, ताजव्यातून उचलला आणि पुन्हा ठेवला. "सर, यात सोनं किती हाय?"

हिशेब असा ठेवा: पंख ०.९, काठी ०.८, शेपूट सगळी मिळून ०.७, पंखा त्याच्या तारेसह १.५, बाकी डिंक आणि किरकोळ ०.६. पहिल्या वेळी सगळं मिळून सहा ग्रॅम झालं तरी उडेल. सातच्या वर गेलं तर दुसरं बांधा, खरवडत बसू नका.

सामान

बाल्सा हे लाकूड मॉडेलिंगच्या ऑनलाइन दुकानांतून टपालाने येतं. १.५ मिमी, २ मिमी आणि ३ मिमी जाडीच्या तीन फळ्या पुरतात. पोलादी पट्टी ठेवून नव्या ब्लेडने काड्या काढायच्या. फळी निवडायला मिळाली तर हातात सगळ्यात हलकी लागेल ती घ्या.

आपल्याकडे बांबू असताना बाल्सा कशाला, हे प्रत्येक जण विचारतो. पतंगाची कमची तासणारा हात विदर्भात गावोगाव आहे. पण गंमत बघा. २ मिमी चौरस बाल्साची काडी आणि १ मिमी चौरस बांबूची कमची वजनाला जवळपास सारखी भरतात. बांबू तुटणार नाही, पण वाकेल. काडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा सोळा पट. म्हणून बांबू मुळात कितीतरी ताठ असूनही त्याच वजनात बाल्सा त्याला मागे टाकतो. पतंगाला वाकणारी कमान हवी असते, इथे न वाकणारी कड हवी. बाल्सा मिळालाच नाही तर बांबूवर काम चालवा, फक्त कमची १ मिमीपर्यंत तासायचा धीर ठेवा. सनाचा किंवा अंबाडीचा वाख काढून झाल्यावर जी पांढरी पोकळ काडी उरते ती शेपटीच्या दांड्याला छान चालते. रबराची काठी मात्र तिची करू नका, पीळ बसला की कडकन मोडते.

पंखावर मढवायला भाजीवाल्याची सगळ्यात पातळ, कुरकुर वाजणारी पिशवी. पतंगवाल्यांची झिल्लीही चालेल, पातळ असली तर. साध्या कागदाचा मोह टाळा. आपला पंख ४० बाय ८ सेमी आहे. त्यावर झेरॉक्सचा ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅमचा, कागद लावला तर नुसत्या कागदाचेच सव्वादोन ग्रॅम होतात, वर्तमानपत्राचा दीड ग्रॅमच्या आसपास, आणि १० मायक्रॉनच्या पिशवीचे फक्त ०.३. थर्माकोलच्या पत्रावळ्यांचे पंख आम्ही पूर्वी करायचो. २०१८ च्या बंदीनंतर त्या गेल्या, आणि खरं सांगायचं तर त्या विमानांना मी फारसा मुकलो नाही.

डिंक म्हणून पांढरा फेव्हिकॉल, निम्मं पाणी घालून. तो काडेपेटीच्या काडीच्या टोकाने लावायचा आणि दुसऱ्या कोरड्या काडीने जास्तीचा टिपून घ्यायचा. सांध्यावर डिंक दिसत असेल तर तो जास्त झालाय.

पंख

घरातला सपाट पाट घ्या. त्यावर आराखडा काढलेला कागद आणि कागदावर प्लास्टिक, नाहीतर पंख पाटाला चिकटतो. पुढची आणि मागची कड म्हणून २ मिमीच्या दोन काड्या, ४० सेमी लांब, एकमेकींपासून ८ सेमीवर. टाचण्या काडीतून आरपार घालू नका, काडीच्या दोन्ही बाजूंना लावून तिला चिमटीत पकडा.

मध्ये पाच फासळ्या, १.५ मिमीच्या. या सरळ नकोत, थोड्या कमानदार हव्यात, मधोमध ४-५ मिमी उंच. सोपी युक्ती: काड्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, बत्तीस सेमीच्या आसपास व्यास असलेल्या पातेल्याच्या बाहेरून कापडी पट्टीने घट्ट बांधा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी हवी तेवढी कमान मिळते. स्वयंपाकघरात आधी विचारा, कारण आमच्या घरी पोळ्याच्या आदल्या रात्री तेच पातेलं पुरणाची डाळ शिजवायला लागणार होतं.

मधली फासळी बरोबर मध्यावर लावायची नाही. डावी बाजू २०.५ सेमी, उजवी १९.५. विमान डावीकडे वळत उडणार आहे. वळताना आतली बाजू हळू चालते आणि पडायला बघते, शिवाय पंख्याचा उलटा पीळही विमानाला डावीकडेच कलवतो. तो एक सेंटिमीटर डाव्या बाजूला तोलून धरतो.

मढवताना पिशवी ताणू नका. टेबलावर सपाट पसरा, हलकीशी सैल राहू द्या. सांगाड्याच्या वरच्या बाजूला डिंकाचं बोट फिरवा आणि सांगाडा पालथा करून पिशवीवर ठेवा, कमानीवर पिशवी हळूच बसवत न्या. ताणलेली पिशवी एका रात्रीत पंखाला असा पीळ देते की तो परत सरळ होत नाही. वाळल्यावर कडेने ब्लेड फिरवा. मग मधल्या फासळीजवळ दोन्ही काड्यांना खालून अर्धवट चीर द्या, पंखाची एक बाजू पाटावर दाबून दुसरीचं टोक ६ सेमी उचला आणि चिरेत डिंक भरा. टेकू म्हणून चार काडेपेट्या एकावर एक ठेवल्या की काम होतं. मध्ये पिशवीला घडी पडेल, पडू द्या. हा इंग्रजी व्हीसारखा कोन नसेल तर विमान एकदा कललं की कलतच जातं.

काठी आणि शेपूट

काठी ३ बाय ६ मिमी, २८ सेमी लांब, उभी धरायची. तिच्या मागच्या टोकाला २० सेमीचा बारीक दांडा. दांड्याच्या शेवटी आडवी शेपटी १६ बाय ७ सेमी, सपाट, आणि तिच्यावर ६ सेमी उंचीची उभी शेपटी. उभ्या शेपटीची मागची कड ३ मिमी डावीकडे वळवून चिकटवा.

पंख काठीला कायमचा चिकटवायचा नाही. कागदाची बारीक पट्टी काठीभोवती दोन वेढे गुंडाळून स्वतःलाच चिकटवा, म्हणजे काठीवर सरकणारी नळी होते. अशा दोन नळ्या, त्यांवर दोन छोटे खांब, खांबांवर पंख. पुढचा खांब मागच्यापेक्षा ४ मिमी उंच. पंख पुढे-मागे सरकवता आला नाही तर पुढचं सगळं काम अडतं.

पंखा

गिरणीतल्या पात्यासारखा सरळ पंखा चालत नाही, पात्याला पीळ हवा, आणि तो चहाच्या कागदी कपात आयता असतो. मोठ्यातला कप घ्या. त्यावर उभी रेघ मारा, त्या रेघेला १५ अंश तिरपी दुसरी रेघ, आणि तिरप्या रेघेवर साडेसात सेमी लांब, तीन सेमी रुंद पातं आखा. दुसरं पातं त्याच कलाने आखायचं, आरशातल्यासारखं उलटं नव्हे. पातं टोकाकडे जरा चपटं आणि मुळाकडे जास्त तिरपं दिसलं पाहिजे. उलट दिसलं तर दुसऱ्या कपावर कल बदलून कापा. चहा दोन कप प्यावा लागेल, बस.

दोन्ही पाती ३ मिमीच्या एका आडव्या काडीच्या दोन टोकांना चिकटवा, टोकापासून टोकापर्यंत १८ सेमी. कोन मोजायला कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या घ्या. मध्यापासून साडेचार सेमीवर पातं त्या कोनाला टेकलं पाहिजे. कपाचा फुगीर भाग पुढे. समोरून पाहिलं तर उजवीकडच्या पात्याची वरची कड तुमच्याकडे झुकलेली हवी आणि डावीकडच्याची खालची. हे चुकलं की विमान मागे जायला बघतं. नवख्या माणसाच्या दहातल्या चार पंख्यांत हेच झालेलं मी पाहिलंय.

मध्यातून छोट्या पेपर क्लिपची सरळ केलेली तार, मागे तिचा आकडा. तार ज्यातून फिरते तो धारक थंड्याच्या रिकाम्या कॅनच्या पट्टीचा: पट्टी इंग्रजी सी सारखी वाकवा, दोन्ही पायांना सुईने भोकं पाडा, काठीच्या टोकाला दोऱ्याने बांधून डिंक लावा. पंखा आणि धारक यांच्यामध्ये काळ्या पोतीतला एक मणी घाला, नाहीतर पत्रा घासून निम्मा जोर तिथेच जातो. धारकाचं तोंड किंचित खाली आणि किंचित डावीकडे ठेवा, दोन-तीन अंश, जास्त नको. तारेवर फिरवून सोडल्यावर दर वेळी एकच पातं खाली येत असेल तर त्याची कड कात्रीने थोडी कमी करा.

रबर

सगळ्यात जास्त फसवाफसवी इथे होते. सायकलच्या ट्यूबचं रबर ताणलेली शक्ती नीट परत देत नाही. नाडीतल्या इलॅस्टिकवर सूत असतं. गुलेलीचं रबर काठीच मोडून टाकतं. नोटांच्या बंडलाची मोठी रबरबँड कापून, गाठी मारून पहिल्या आठवड्याचं शिकणं होतं, पण साखळी करून जोडू नका. खरं काम मॉडेलिंगच्या पट्टी रबराने होतं. २ मिमी रुंद, ६० सेमी घेऊन गाठ मारा म्हणजे ३० सेमीचा वेढा होतो, वजन एक ग्रॅमच्या वर थोडंसं. गाठ मारण्याआधी थुंकीने ओली करा, घट्ट बसते.

नवं रबर वापरण्याआधी हळू हळू तिप्पट ताणून चार-पाच वेळा सोडा. मग एरंडेलाचा एक थेंब दोन बोटांत घेऊन सगळ्या रबराला चोळा. मशीनचं तेल, ग्रीस, रॉकेल यांचा वासही नको, रबर फुगून विरतं. ऊन आणि उष्णता त्याचे दुसरे वैरी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा माझी रबरं झाकणाच्या डबीत, काळ्या कागदात गुंडाळून गव्हाच्या कोठीत खुपसलेली असतात. तिथे अंधार असतो आणि त्यातल्या त्यात गारवा.

किती फेरे द्यायचे हे पुस्तकात बघू नका. एक वेढा तुटेपर्यंत पिळून बघा, विमानाशिवाय, डोळ्यांवर चष्मा लावून. समजा तो ८०० ला तुटला, तर त्याच गुंडीतल्या बाकी वेढ्यांना शिकाऊ दिवसांत ६०० च्या पुढे नेऊ नका. पीळ भरायला सुताराचा हाताने फिरवायचा ड्रिल उत्तम, दांडीच्या एका फेऱ्यात टोकाचे तीन-चार फेरे होतात. आधी मोजून घ्या. मदतनीस विमानाचं तोंड धारकापाशी धरतो, तुम्ही रबराचं मागचं टोक ड्रिलच्या आकड्यात घालून चौपट लांब जाता. निम्मे फेरे तिथेच उभं राहून, उरलेले एकेक पाऊल जवळ येत. मग टोक काठीच्या मागच्या टोकाला बसवलेल्या आकड्यात. मदतनिसाने पंखा सोडायचा नाही, हे त्याला दोनदा सांगा.

उडवणं

आधी रबर लावून, पण पीळ न देता. विमान काठीखाली दोन बोटांवर तोला. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण ४ सेमीवर यावा, नाही आला तर पंख सरकवा. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली करून, हातातून निसटू द्या. फेकू नका. दगड मारायची सवय मनगटातून जायला एक सकाळ लागते. विमान चालत्या माणसाच्या वेगाने निघून गुळगुळीत उतरलं पाहिजे. नाक वर करून थांबतं आणि धपकन पडतं? पंख ३-४ मिमी मागे. सरळ खाली घुसतं? पंख पुढे. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला काय सुधारलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

मग १५० फेरे, बोटानेच, समोरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. एका हातात काठी, दुसऱ्यात पंखा. आधी पंखा सोडा, क्षणभराने काठी, आणि विमान डावीकडे जरासं कललेलं. पाच मीटरच्या आसपास रुंद गोल घेतला तर जमलं. गोल फार लहान होऊन डावा पंख खाली जात असेल तर आधी उभी शेपटी थोडी सरळ करा. तरीही जात असेल तर डाव्या पंखाची मागची कड मधल्या भागात १-२ मिमी खाली वळवा. वळतच नसेल तर शेपटी अजून डावीकडे.

पुढचं नाटक ३०० फेऱ्यांनंतर सुरू होतं. जोर जास्त झाला की विमान नाक आकाशाकडे करतं आणि लटकतं. तेव्हा पंखाला हात लावू नका, धारकाचं तोंड अंशभर खाली वाकवा. छताला लागायला लागलं तर कौतुक करून घ्या आणि रबराचा वेढा पाच सेंटिमीटर लांब करा. लांब रबराचा जोर कमी, पण फेरे जास्त, विमान खालच्या खालीच जास्त वेळ राहतं. वहीत तारीख, रबराची लांबी, फेरे आणि सेकंद लिहीत जा.

हवा

विमान बांधण्याइतकीच हवा सांभाळावी लागते. पंखे बंद, कूलर बंद, दारं बंद. आमच्या गावात लोडशेडिंगला शिव्या न देणारा मी एकटा माणूस आहे. दारं लावून दहा मिनिटं थांबा, मग हॉलच्या मध्ये उदबत्ती लावा. धूर हातभर सरळ उभा राहिला तर उडवा. तो एका बाजूला पडत असेल तर कुठेतरी खिडकी उघडी आहे.

कार्यालय मिळालं नाही तेव्हा मी एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये उडवायचो. उंची भरपूर, पण वर पत्रा. सकाळी सातला विमान आज्ञाधारक असायचं. साडेनऊला ऊन पत्र्यावर आलं, पत्रे तडतडले, आणि दोन मिनिटांत विमान माझ्या डोळ्यांदेखत वर वर जाऊन छताच्या कैचीवर बसलं. चौकीदार मामा खाली उभे राहून पाहत होते. "सर, इमान तं गेलं. आता पायलट कसा उतरवता?" चिंचा पाडायच्या आकडीच्या बांबूने, पण पंखाची चाळण झाली. तेव्हापासून नियम एकच: पत्रा तडतडला की खोका भरायचा. वर अडकलेलं विमान काढायला लांब बांबू आधीच जवळ ठेवा, टोकाला आकडीऐवजी कापडाचा बोळा बांधा आणि विमानाला खालून ढकला, ओढू नका.

श्रावणात आणखी एक भानगड. दमट हवेत बाल्सा पाणी पितो, विमान जड होतं आणि रात्रीतून पंख वाकतात. आदल्या दिवशी छान उडणारं विमान सकाळी गोते खायला लागलं तर पंख डोळ्यासमोर धरून पुढून बघा. पीळ पडलेला दिसेल. चुलीपासून दोन हात दूर धरून उलट पीळ द्या आणि गार होईपर्यंत तसाच धरा. जवळ नेऊ नका, पिशवी आक्रसते.

न्यायला साडीचा खोका. पंख काढून वेगळा, शेपूट वर, काठी दोऱ्याने तळाला दोन ठिकाणी बांधलेली. एसटीत तो वरच्या फळीवर ठेवू नका. मांडीवर घ्या, आणि शेजारच्याने आत काय आहे विचारलं तर झाकण उघडण्याआधी खिडकीची काच लावून घ्या.